१५०-६०० लेन्स आणि खानदेशातला ऑक्टोबर : चार महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टच्या शेवटी मी पक्ष्यांच्या फोटोंसाठी १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. वापरलेली, पण काच स्वच्छ होती. ५२,००० रुपयांना पडली. माझ्या क्रॉप सेन्सरच्या (लहान आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तिचं लांबचं टोक ९०० मिलिमीटरसारखं दिसतं. याआधी ७०-३०० वर भागवत होतो आणि हतनूर धरणावरची बदकं म्हणजे राखाडी पाण्यावरचे ठिपके असायचे. या मापाच्या लेन्स एकाहून अधिक कंपन्या बनवतात. वजन दोन किलोच्या आसपास, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) एफ ५ ते ६.३, पुढे ९५ मिलिमीटरचा फिल्टर, हे बहुतेकींचं सारखंच. त्यामुळे माझा अनुभव या जातीच्या कुठल्याही लेन्सला लागू पडावा.

सुरुवात निराशेची झाली, आणि त्याचं कारण कळायला मला जवळजवळ दीड महिना लागला. तेच आधी सांगतो.

मी भुसावळचा, त्यामुळे पहिले सगळे रविवार हतनूरवरच. तापीवरचं हे ४१ दरवाजांचं धरण. वरच्या अंगाला चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, दोन्ही नद्यांचा गाळ जलाशयात येऊन बसतो आणि कडेचं पाणी उथळ पसरत जातं. पाणपक्ष्यांची त्यात चैन होते. फोटो काढणाऱ्याला मात्र काठावरून ते फार लांब पडतात. दसऱ्याच्या सुमारास चक्रवाकांची एक जोडी चिखलाच्या पट्ट्यावर उतरलेली दिसली. नारिंगी अंग, फिकट डोकं, पाठीमागे निळं पाणी. ६०० वर छान फ्रेम बसली. साडेदहा वाजले होते. घरी येऊन स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर पिसं नाहीतच! ओल्या कागदावर रंग फुटावा तसा नारिंगी रंग कडेनं पसरलेला, चोच कुठे संपते तेही कळेना. साठ फोटोंत एकही धड नाही.

लेन्सच बिघडलेली निघाली असं मी धरून चाललो. मुंबईला एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. ऐन हंगामातले पंधरा दिवस गेले, पैसे गेले आणि ‘लेन्स ठीक आहे’ एवढाच निरोप घेऊन ती परत आली. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मग मित्राच्या शेताच्या बांधावर ट्रायपॉड लावला आणि समोरच्या विजेच्या खांबावरची धोक्याची लाल पाटी धरली. अंतर दोनशे पावलं. सकाळी पावणेसातला पाटीवरच्या कवटीचे दात मोजता येत होते. साडेअकराला त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर काढलं तर कवटी मेणासारखी ओघळलेली. शटर १/२००० सेकंद इतकं वेगवान केलं तरी तेच. म्हणजे दोष लेन्सचाही नव्हता आणि माझ्या हाताचाही नव्हता. दोष मधल्या हवेचा होता.

आपल्याकडची काळी जमीन ऊन पडलं की झपाट्यानं तापते. पाऊस थांबलेला, आकाश मोकळं, ऑक्टोबर हीटचे दिवस. जमिनीलगतची हवा तापून वर उठते, वरची थंड हवा खाली येते, आणि या सरमिसळीतून येणारा प्रकाश जागोजागी वाकतो. मृगजळ दिसतं तेही प्रकाश असा वाकल्यामुळेच. साध्या डोळ्यांना या झळा फारशा जाणवत नाहीत. ६०० मिलिमीटर त्या पक्ष्याबरोबरच मोठ्या करून दाखवते. त्यातून आपण पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर यावं म्हणून चिखलात पालथे पडतो, म्हणजे नेमके सगळ्यात तापलेल्या थरातून पाहतो.

हे एकदा डोक्यात बसल्यावर लेन्स वापरायची पद्धतच बदलली. आता उजाडायच्या आत जागेवर असतो. नऊ वाजले की लांबचे पक्षी सोडून देतो आणि २५-३० मीटरच्या आत जे येईल तेवढंच घेतो. घ्यायचंच असेल तर एका दमात पंधरा-वीस फ्रेम; झळा क्षणोक्षणी बदलतात, त्यात एखादी बरी निघते. एसी चालू असलेल्या गाडीच्या खिडकीतून तर अजिबात काढू नका, गार आणि गरम हवा तिथे काचेपुढेच मिसळते. शिवाय त्या गाडीतून पहाटेच्या दमट हवेत उतरलं की पुढच्या काचेवर दव धरतं. हतनूरला पोचायच्या अर्धा तास आधीच मी एसी बंद करतो आणि लेन्स पिशवीतच राहू देतो.

दोन किलोचं म्हणाल तर हातात धरून पाच मिनिटांच्या पुढे निभत नाही. ट्रायपॉड जंगलात अडकतो. आईनं जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून दिली. आधी त्यात ज्वारी भरली होती, तिला टोके लागले. मग सरकी भरली. सरकी हलकी, दाबली की लेन्सला बरोबर खोबण देते आणि गाडीच्या दारावर, बांधावर, दगडावर कुठेही बसते. आपल्या मुलखात ती मिळायलाही अडचण नाही. फक्त ओली होऊ देऊ नका, कुबट वास धरते.

आता रानपिंगळ्याबद्दल, म्हणजे जंगलातल्या एका दुर्मिळ छोट्या घुबडाबद्दल. ही लेन्स घेतली ती खरं तर त्याच्यासाठी. १८७३ मध्ये ब्रिटिश पक्षी अभ्यासक ह्यूमनं याचं शास्त्रीय वर्णन केलं, १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरून आणलेला जुना निघाला. पक्षी संपला असंच सगळे धरून होते. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी अभ्यासकांना तो पुन्हा दिसला, तो आपल्या शहाद्याजवळ. ११३ वर्षांनी सापडलेला पक्षी आपल्या सातपुड्यात राहतो, ही गोष्ट मला आजही अंगावर काटा आणते.

सातपुड्यातल्या पालच्या बाजूला एका पावरा आदिवासी मित्राबरोबर नोव्हेंबरात तीन वेळा गेलो. पहिल्या दोन्ही खेपा रिकाम्या. तिसऱ्यांदा सागाच्या रानात नुसतेच बसून राहिलो. पावसाळ्यानंतर अळ्या सागाची पानं खातात, शिरा तेवढ्या सोडतात; समोरचं एक पान हातमागावर विणल्यासारखं जाळीदार झालं होतं आणि त्यातून ऊन खाली ठिपकत होतं. ते पान टिपायला मी १५० वर आलो होतो. तेवढ्यात मित्र हळूच म्हणाला, “भाऊ, हलू नको.” वाळक्या फांदीवर, बारा-तेरा मीटरवर, तो येऊन बसला. दिवसाढवळ्या, सव्वाआठला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं तपकिरी, छातीवर गडद पट्टा आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, दणकट. पंजात सापसुरळी होती, तिची शेपटी अजून हलत होती. फ्रेम ४२० वर बसली, शटर १/३२० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००. एफ ६.३ वर प्रकाश कमी येतो, ही अडचण अशा सावलीत कळते, फोटोत दाणे आहेत. तरी डोळ्याच्या पिवळ्या कडेतलं झाडाचं प्रतिबिंब दिसतं.

ती जागा मी लिहिणार नाही. पाऊस सरला की यांचा विणीचा काळ सुरू होतो, आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. आवाज ऐकून तो दुसरा नर आला म्हणून हद्द राखायला धावतो आणि तेवढा वेळ शिकार सोडून देतो.

ज्याची अपेक्षाच नव्हती असा उपयोग तोरणमाळला झाला. वाइड लेन्स घेऊन सीताखाई या खोल दरीच्या काठावर गेलो होतो. तिनं काढलेल्या फोटोत अर्धं आकाश, अर्धी दरी, आणि डोंगर मुंगीएवढे. मग सहज १५०-६०० लावली. १८० च्या आसपास रांगेमागे रांग एकमेकींना चिकटून आल्या, जवळची हिरवी-काळी, पुढची निळी, शेवटची धुरासारखी. पावसानं हवा धुतलेली असते म्हणून ऑक्टोबरात हे जमतं. मार्चमध्ये तिथे नुसता धुरकट पडदा असतो. कॅमेरा उभा धरून सहा-सात फ्रेम काढायच्या आणि घरी जोडायच्या. यावल-फैजपूरच्या सपाटीवरून, केळीच्या बागांवरून उत्तरेला पाहिलं तरी संध्याकाळी असाच सातपुडा मिळतो.

तक्रारी दोन आहेत. लेन्स खाली तोंड करून चाललं की नळी आपोआप पुढे सरकते; लॉक लावायची सवय करा. आणि झूम करताना ती हवा ओढते, हवेबरोबर धूळ. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्यावर वाहनं सारखी चालू असतात, तेव्हा मी झूम हलवतच नाही. मागच्या काचांच्या आड दोन-तीन कण गेलेच आहेत, फोटोत अजून दिसत नाहीत. घरी सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ठेवतो, सप्टेंबरच्या दमटपणात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

नवीन घेणाऱ्यानं आधी कुणाची तरी मागून एक सकाळ आणि एक दुपार वापरून पाहावी, मग पैसे मोजावेत. मी ती विकणार नाही. संक्रांतीच्या आधी धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) मिळतो का पाहायचं आहे. भोवत्या गवताला चिकटून उडतो, म्हणजे झळांच्या थरातूनच, तेव्हा आदल्या रात्रीच धुळ्याला मुक्काम ठरवला आहे.