ड्रायव्हरचं दार अखेर रिमोटने लागलं

माझी २००९ सालची छोटी गाडी. सेंट्रल लॉक कंपनीचंच, पण रिमोट नाही. ड्रायव्हरच्या दाराला चावी फिरवली की बाकीची तीन दारं लागायची. गेल्या वर्षी घराजवळच्या एका दुकानातून रिमोटचा अलार्म बसवून घेतला. बटण दाबलं की सायरन चिवचिवायचा, इंडिकेटर लुकलुकायचे आणि मी वॉर्डात निघून जायचे. एका सकाळी रात्रपाळी संपवून आले, हँडल ओढलं तर ड्रायव्हरचं दार सरळ उघडलं. रात्रभर गाडी तशीच उभी! त्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, या गाडीत असंच असतं."

असं नसतं, हे पुण्यात नाना पेठेतल्या या दुसऱ्या दुकानात कळलं. इथल्या दादांनी दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढून दाखवलं. आत मोटरच नव्हती, नुसता स्विच. चावीने तो हलतो आणि बाकीच्या दारांना हुकूम जातो. रिमोट दाबल्यावर या दाराला हलवायला काहीच नाही. त्यांनी तिथे मोटर बसवली. स्क्रू आवळण्याआधी काच दोनदा पूर्ण खाली घेतली. "काच मोटरवर आपटली तर दोन्ही जातील, ताई." मग मोटरचा दांडा लॉकच्या सळईला अगदी सरळ रेषेत धरून क्लॅम्प केला. वायर दार आणि खांबामधल्या मूळ रबरी नळीतूनच ओढली, म्हणजे दार उघडमीट करताना तुटायची भीती नाही.

डॅशबोर्डखाली आधीच्या माणसाने वायरी नुसत्या पिळून टेप मारली होती. दादांनी एकेक जोड सोल्डर केला. लॉकला कुठली वायर अर्थ होते (म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली जाते), अनलॉकला कुठली, हे रंगावरून न ठरवता मीटर लावून बघितलं. मोटरला करंट क्षणभरच मिळायला हवा, सतत राहिला तर ती जळते, म्हणून तेही तपासलं.

मोटर धरून १,४०० रुपये, साडेतीन तास. पार्किंगची बोंब आहे, सकाळी लवकर जा. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद नीट परत चिकटवलाय, पावसाळ्यात दारातून थेंबभर पाणी आत आलं नाही.

निघताना ड्रायव्हरच्या लॉकची खुंटी वर ठेवून रिमोट दाबायचा आणि चारही हँडलं हाताने ओढून बघायची. दादांनी माझ्याकडून हे तीनदा करून घेतलं, मगच पैसे घेतले.