गाण्याच्या फाइलचं नाव देवनागरीत की रोमनमध्ये?

सोलापुरातल्या घरात गाण्यांचा संग्रह एका भाषेत मावत नाही. माझ्याकडे अभंग आहेत, आईची कन्नड वचनं (भक्तिरचना) आहेत आणि पूर्व भागातल्या मित्राने दिलेली तेलुगू गाणी आहेत. फाइलचं नाव ज्या त्या लिपीत ठेवावं, की नाव साध्या रोमनमध्ये आणि मूळ लिपी फक्त टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत साठवलेल्या गाण्याच्या माहितीत? दोन्ही पद्धती मी बरेच दिवस वापरल्या.

आपल्या लिपीतल्या नावांचं सुख मोठं आहे. फोल्डर उघडला की आईला स्वतःचं गाणं स्वतः सापडतं. रोमनमध्ये 'बाळ' आणि 'बाल' एकच होऊन बसतात, ते मला आजही खटकतं. लांबी मात्र आड येते. लिनक्सवर नावाला साधारणपणे 255 बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट खातं. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. शिवाय 'अंत:करण' लिहिताना विसर्गाऐवजी कोलन पडला, तर विंडोज ते नाव घेतच नाही.

एवढं मी सांभाळून घेतलं असतं. घात केला तो 'ऱ्या'ने. 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'किनाऱ्याला' यांतलं हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: स्वतंत्र 'ऱ' घेऊन, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी. फाइलींची नावं मी संगणकावर दिली होती, प्लेलिस्ट, म्हणजे वाजवायच्या फाइलींच्या नावांची यादी, फोनवर टाइप केली. पंढरपूरच्या वाटेवर आईचं आवडतं गाणं गाळून प्लेअर पुढे गेला. गाणं पेनड्राइव्हवर होतं, नाव अक्षरन् अक्षर जुळत होतं, तरी वाजेना. चूक सापडायला दोन रात्री गेल्या. 'ॲ'चंही तसंच: युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकात, हे स्वतंत्र अक्षर 2008 मध्ये आलं, त्याआधीच्या नावांत 'अ'वर वेगळी चंद्रकोर असते.

टॅगमध्येही ही गफलत होते, पण तिथे फार तर शोधताना गाणं निसटतं. अशी प्लेलिस्ट फाइलच्या नावावर चालते, त्यामुळे टॅग चुकला तरी वाजणं थांबत नाही.

टॅग लिहिताना एमपी3साठी आयडी3ची (एमपी3मध्ये टॅग लिहायच्या पद्धतीची) 2.3 आवृत्ती आणि यूटीएफ-16 हे एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मला सर्वात कमी त्रासाची वाटली. एमपी3टॅग आणि पिकार्ड या टॅग लिहायच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये ती निवडता येते. पहिल्या आवृत्तीचा टॅग मी काढूनच टाकतो. त्यात शीर्षकाला 30 बाइट, आणि मजकूर कोणत्या एन्कोडिंगचा हे सांगायची सोयच नाही. फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या गाण्याच्या फाइलींचे टॅग मुळातच यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये असतात.

गाणी एकाच फोनवर ऐकत असाल आणि प्लेलिस्ट ॲपमध्येच बनवत असाल, तर देवनागरी नावं खुशाल ठेवा. पेनड्राइव्ह गाडीत, नातेवाइकांच्या टीव्हीत फिरत असेल तर मी रोमनकडे झुकेन. माझ्या फाइलींना आता 01, 02 आणि पुढे छोटं रोमन नाव आहे. 'ळ', 'ऱ्या' आणि आईची कन्नड टॅगमध्ये. आमच्या गाडीच्या डेकवर कन्नड टॅगच्या जागी नुसते चौकोन येतात, तेव्हा फोल्डरमधलं रोमन नाव वाचून मी तिचं वचन लावून देतो.