आयफोन की ॲन्ड्रॉइड: किती वर्षं ते लिहिलेलं असतं, कधी ते नाही

२०२४च्या पाडव्याला मी ॲन्ड्रॉइड सोडून आयफोन घेतला. दहा वर्षांची सवय मोडायची म्हणून त्याआधी तीन महिने घोळ घातला होता. मनात तीन फोन होते: आयफोन १५, गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४. तिन्ही चार-पाच महिन्यांच्या आत बाजारात आलेले. येतानाच्या किमतीही जवळजवळच्या: ७९,९००, ७५,९९९ आणि ७९,९९९ रुपये. कॅमेरा, स्क्रीन, वेग यावर मी काही लिहिणार नाही. या किमतीत तिन्ही फोन तुमच्या-माझ्या कामाला पुरून उरतात, आणि ती माहिती दुकानातला पोरगाही तोंडपाठ सांगतो. मला लिहायचंय ते अपडेटबद्दल, कारण एवढे पैसे तीन वर्षांसाठी घालणं मला परवडत नाही. सात वर्षं चालला तर ऐंशी हजारांचा फोन वर्षाला साडेअकरा हजारांच्या आत पडतो. तीनच वर्षं चालला तर सव्वीस हजारांच्या वर जातो.

ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती आधी सांगतो.

माझं तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. २०२२च्या दिवाळीत बायकोने आणि मी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलचे दोन ॲन्ड्रॉइड फोन घेतले. रंग तेवढा वेगळा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण एरवी फोन चांगले होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात दोन्हींवर एक अपडेट आलं आणि त्यानंतर कानाला लावल्यावर स्क्रीन काळी होणं बंद झालं. बोलताना गाल लागायचा. कधी फोन म्यूट, कधी होल्ड, कधी कट.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे द्राक्षाच्या फळछाटण्या. छाटणीनंतर पाऊस लागला की डाउनी या रोगाची धास्ती, आणि सकाळी साडेसहापासून फोन. "दादा, पानावर तेलकट डाग दिसाय लागल्यात, पाठीमागनं पांढरं हाय, काय मारू?" मी औषधाचं नाव सांगितलं, लिटरला किती घ्यायचं ते सांगायला लागलो आणि फोन म्यूट झाला. मी बोलतोय आणि तिकडे काही पोचत नाही. त्याने दोनदा हॅलो हॅलो केलं आणि ठेवून दिला. लगेच परत लावला तर उचलेना. तोवर ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला असणार. प्रमाण चुकलं तर कोवळ्या घडाला इजा होते, वर्षाचं पीक हातचं जातं. त्याने अंदाजाने औषध टाकलं नाही ना, हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी गाडी काढून बागेत गेलो.

आठव्या दिवशी बायकोच्या फोनवर दुरुस्तीचं अपडेट आलं. माझ्या फोनवर आलं नाही. रोज सकाळी दुकान उघडताना आणि रात्री शटर ओढताना सेटिंगमध्ये जायचं, 'अपडेट तपासा' दाबायचं, आणि 'तुमचा फोन अद्ययावत आहे' हे वाक्य वाचायचं. कस्टमर केअरला विचारलं तर एकच उत्तर: टप्प्याटप्प्याने सोडतोय, वाट पाहा. पाच आठवडे वाट पाहिली. तेवढे दिवस माझं सिम बायकोच्या फोनमध्ये आणि तिचं माझ्या. तोच फोन, तेच गाव, तेच घर, तरी एकाला आठ दिवस आणि दुसऱ्याला पाच आठवडे.

त्यानंतर कुठल्याही फोनची जाहिरात वाचताना 'किती वर्षं अपडेट' यापेक्षा 'कधी अपडेट' हा प्रश्न माझ्या डोक्यात आधी येऊ लागला. म्हणून माझं मत थोडं एकीकडे झुकलेलं आहे, हे आधीच मान्य करतो.

उशीर का होतो हे समजून घेतलं की कंपन्यांवरचा राग थोडा कमी होतो. ॲन्ड्रॉइड गूगल तयार करतं. ते चिप बनवणाऱ्याकडे जातं, मग फोनच्या कंपनीकडे. ती त्यावर स्वतःचा साज चढवते, प्रत्येक मॉडेलवर तपासते आणि थोड्या थोड्या फोनांवर सोडते, म्हणजे काही बिघडलं तर सगळीकडे बिघडू नये. यातला एक हात अडला की मागचे सगळे थांबतात. २०१७मध्ये ॲन्ड्रॉइड ८ सोबत गूगलने आतली रचना बदलून चिपचा भाग आणि ॲन्ड्रॉइडचा भाग वेगळे केले, त्याने काम बरंच सुटसुटीत झालं. पण हात तेवढेच राहिले. आयफोनमध्ये चिपची रचना, फोन आणि आयओएस ही तो चालवणारी प्रणाली, हे सगळं एकाच घरातलं, ॲपलचं.

आता वर्षांचं बघू, कारण इथे ॲन्ड्रॉइडची बाजू कागदावर खरोखर भक्कम आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८ आला तेव्हा गूगलने सात वर्षांचं वचन दिलं. जानेवारी २०२४मध्ये एस२४ सोबत सॅमसंगनेही सात वर्षं जाहीर केली. म्हणजे एकाची मुदत ऑक्टोबर २०३० आणि दुसऱ्याची जानेवारी २०३१. त्याआधी गूगलच्या स्वतःच्या फोनलाही इतकं मिळत नव्हतं. २०१६च्या पहिल्या पिक्सेलला नव्या आवृत्त्यांची दोनच वर्षं कबूल केली होती. गूगलने एक चांगली गोष्टही केली: पिक्सेल ६ आणि ७ ला मुळात तीन वर्षांच्या आवृत्त्या कबूल केल्या होत्या, त्या २०२४च्या डिसेंबरात पाच वर्षांपर्यंत वाढवल्या. कबूल केल्यापेक्षा जास्त देणारा माणूस मला आवडतो, कंपनीही.

ॲपलचं उलटं आहे. ते तारीख सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२४च्या एप्रिलपासून किमान मुदत जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं, तेव्हा आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी त्यांनी किमान पाच वर्षं लिहून दिली. गूगल-सॅमसंगपेक्षा दोनने कमी. पण आजवरचा शिरस्ता बघा. २०१५चा आयफोन ६एस आयओएस ९ घेऊन आला आणि त्याला आयओएस १५ पर्यंत सगळं मिळालं. २०१३च्या ५एसला जानेवारी २०२३मध्येही सुरक्षेची दुरुस्ती आली, म्हणजे नऊ वर्षांनंतर. २०१८चे एक्सएस आणि एक्सआर थेट सप्टेंबर २०२५मध्ये, आयओएस २६ आलं तेव्हा गळले.

तरीही शिरस्ता म्हणजे वचन नव्हे. २०२२मध्ये आयओएस १६ आलं तेव्हा ६एस आणि आयफोन ७ दोन्ही एकाच दिवशी यादीतून गेले. एक वर्ष उशिरा निघालेला फोन घेणाऱ्याला एक वर्ष कमी मिळालं. २०१७चे आयफोन ८ आणि एक्स यांनाही सहाच वर्षं. त्यामुळे आयफोन घेताना मी सात नाही, सहा धरली, आणि तरीही हिशेब बसला. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळत राहतात, पण ज्ञात असलेल्या सगळ्याच त्रुटी तिथे मिटवल्या जात नाहीत, हे ॲपल स्वतः सांगतं.

मग लिखित सात वर्षं सोडून न लिहिलेली सहा मी का घेतली? त्या 'कधी'साठी, आणि त्याचा दाखला फोन घेतल्यानंतरही मिळाला. ॲन्ड्रॉइड १५ पिक्सेलवर आलं ऑक्टोबर २०२४मध्ये. गॅलेक्सी एस२४ वर ते यायला एप्रिल २०२५ उजाडला. सात वर्षांचं वचन त्याने मोडत नाही. वचनात महिना लिहिलेलाच नव्हता. पुढच्या खेपेला सॅमसंगने वेग वाढवला, ॲन्ड्रॉइड १६ त्यांच्या नव्या फोनांवर तीन-साडेतीन महिन्यांत आलं, आणि हा वेग टिकला तर माझ्या या मुद्द्यातली धार बरीच जाईल. पण सॅमसंगच्या सुरक्षा अपडेटच्या याद्याही नीट वाचा. काही मॉडेलना दरमहा, काहींना तीन महिन्यांनी, काहींना सहा महिन्यांनी. फोन जुना होत जातो तसा तो एका यादीतून दुसऱ्या यादीत सरकतो. सातव्या वर्षीचं अपडेट पहिल्या वर्षासारखं दरमहा येईल, असं धरून चालू नका.

आयफोनवर १५ सप्टेंबर २०२५च्या रात्री साडेदहाच्या सुमारास आयओएस २६ आलं. मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर हजर. मुंबईत मेहुणीकडे २०१९चा आयफोन ११ आहे, सहा वर्षांचा. तिच्याकडे त्याच रात्री. भाचा अमेरिकेत असतो, त्याच्याकडेही तेव्हाच. तीन माणसं, तीन वयांचे फोन, एकच रात्र. याला कुणी पुरावा म्हणणार नाही, पण पाच आठवडे 'अद्ययावत आहे' वाचत बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती रात्र फार बरी वाटली.

या तुलनेत पिक्सेलची जागा मधली आहे आणि तो अनेकांना माझ्यापेक्षा जास्त मानवेल. तिथे अपडेट थेट गूगलकडून येतं, मधल्या कंपनीचा हात नाही, २०२१च्या पिक्सेल ६ पासून चिपही त्यांच्या नावाची. पुण्यातला माझा पुतण्या पिक्सेल ८ वापरतो, त्याला कधी वाट पाहताना पाहिलं नाही. मी तो घेतला नाही याचं कारण साधं आहे: मी खेड्यात राहतो, आणि बॅटरी बदलायला किंवा फुटलेली काच बसवायला जवळपास सोय हवी होती. सात वर्षं फोन वापरायचा म्हणजे बॅटरी एकदा तरी बदलावी लागणारच. ती बदलणारं अधिकृत सेंटर तुमच्या घरापासून किती लांब आहे, हे विचारून मगच पैसे भरा. पुण्या-मुंबईत राहत असतो तर मी कदाचित पिक्सेलच घेतला असता.

आयफोनची एक उणी बाजू फार कुणी सांगत नाही. ॲन्ड्रॉइडवर आवृत्तीची अपडेट थांबली तरी क्रोम, कीबोर्ड आणि आतली बरीच यंत्रणा प्ले स्टोअरमधून नवी होत राहते. फोन म्हातारा होतो, पण एकदम आडवा पडत नाही. आयफोनवर सफारी या ॲपलच्या ब्राउझरचं इंजिन आयओएसला जोडलेलं आहे, आणि आपल्याकडे दुसरे ब्राउझरही त्याच इंजिनावर चालतात. आयओएस थांबलं की ब्राउझरही तिथेच थांबला. शेवटची दोन-तीन वर्षं कुणी जुना फोन घरात मुलांना किंवा आजोबांना देणार असेल, तर हा मुद्दा हलका नाही. शिवाय जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम मंद केले जात होते, हे २०१७च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं होतं. नंतर त्यांनी बॅटरी कमी पैशांत बदलून दिल्या आणि सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत दाखवायला सुरुवात केली. आता तो आकडा मी महिन्यातून एकदा बघतो.

एवढे पैसे घालायचेच नसतील तर आयफोनचा विचार सोडा, आणि जुना आयफोन स्वस्तात मिळतोय म्हणूनही भुलू नका. वर्षं मोजायची ती फोन बाजारात आला तिथून. तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. पिक्सेल ८ आज घेतला तरी त्याची मुदत २०३०लाच संपणार. कमी पैशांत सॅमसंगचा ए१६ फाइव्ह-जीसुद्धा सहा वर्षांचं वचन घेऊन २०२४मध्ये आला, आणि पंधरा-वीस हजारांच्या आसपास फोन शोधणाऱ्याला मी आधी असलेच फोन दाखवीन. या किमतीत वाट पाहावी लागली तरी चालेल. तीच वाट पाऊण लाखाच्या फोनवर पाहायला लागली की मात्र मला टोचते.

सगळ्यांत मोठी भीती, अख्खी प्रणालीच बंद पडण्याची, आता उरलेली नाही, हेही नोंदवायला हवं. २०११च्या शेवटी नोकियाचा ल्युमिया ८०० घेणाऱ्यांना पुढच्याच वर्षी आलेली विंडोज फोन ८ ही नवी आवृत्ती मिळाली नाही, आणि २०१९ संपताना व्हॉट्सॲपने विंडोज फोनवरून काढता पाय घेतला. ब्लॅकबेरी १० या प्रणालीचा आधार जानेवारी २०२२मध्ये संपला. आज आयओएस काय, ॲन्ड्रॉइड काय, एका रात्रीत पोरकं होणार नाही. प्रश्न आता तुमच्या हातातल्या मॉडेलचा आहे.

बायकोचा तो २०२२चा फोन आता बदलायचा आहे. तिला मराठीत बोलून लिहायची सवय आहे, गूगलने ती सोय २०१७मध्ये दिली तेव्हापासून ती बचत गटाचे सगळे निरोप तसेच पाठवते. त्यामुळे ती ॲन्ड्रॉइड सोडणार नाही, आणि मी आग्रहही करत नाही. तिला एकच काम सांगितलंय: जो फोन आवडेल, त्याच कंपनीचा त्याच किमतीचा दोन वर्षं जुना फोन वापरणारं कुणीतरी गटात शोधायचं, आणि त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची, तारीख वाचायची. रविवारी बैठक आहे. आतापर्यंत तिने चार फोन बघितलेत. दोघींची तारीख गेल्या महिन्याची होती, एकीची मे महिन्याची, आणि एकीची मागच्या वर्षीची.