बारावी कॉम्प्युटर सायन्सच्या शिक्षकासाठी एआय चॅटबॉट: कुठे कामाचा, कुठे घातक

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांपैकी कुठलाही घ्या, शिक्षकाच्या रोजच्या कामाला फुकटची आवृत्ती पुरते. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचं नाही. राज्य मंडळाचा बायफोकल कॉम्प्युटर सायन्स किंवा सीबीएसईचा ०८३ (कॉम्प्युटर सायन्सचा विषय क्रमांक) शिकवणाऱ्या शिक्षकाच्या कुठल्या कामाला हे साधन धरावं आणि कुठे हात आखडता घ्यावा, एवढंच इथे पाहू.

सर्वात चांगलं काम होतं ते सरावाचे प्रश्न काढण्याचं, मात्र मागणी नेमकी हवी. ‘पायथनच्या रेंजवर दहा एमसीक्यू दे’ म्हटलं की गुळमुळीत प्रश्न येतात. त्याऐवजी असं मागा: ‘प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या एका ठरावीक गैरसमजातून आलेला असावा आणि तो गैरसमज शेजारी लिही.’ मग रेंज १, १०, ३ साठी (१ पासून १० च्या आधीपर्यंत, तीन-तीनच्या अंतराने) बरोबर उत्तर १, ४, ७ येतं. शेवटची संख्याही धरायची असा समज असलेल्यासाठी १, ४, ७, १० येतं, आणि मोजणी शून्यापासूनच होते असं मानणाऱ्यासाठी ०, ३, ६, ९ येतं. कुणी कुठला पर्याय निवडला यावरूनच पुढच्या तासाला काय परत शिकवायचं ते कळतं. छापण्याआधी पर्यायांचा क्रम मात्र स्वतः बदला. बरोबर उत्तर बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या जागी आणि सर्वात लांब वाक्यात बसलेलं असतं, आणि हुशार मुलं प्रश्न न वाचता ते ओळखतात.

पार्सन्स प्रॉब्लेम, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून मुलांना लावायला देणं, हा प्रकार डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडला. हाताने तयार करायला तो वेळखाऊ आहे, चॅटबॉट मिनिटात करून देतो. आठ-दहा ओळी पुरे, त्यात एक-दोन फसव्या ओळी घालायला सांगा. दोन ओळी अदलाबदल करूनही प्रोग्राम तोच राहतो का, हे आधी पाहा. तसं असेल तर उत्तरपत्रिकेत दोन्ही क्रम बरोबर धरावे लागतात, आणि चॅटबॉट हे आपणहून सांगत नाही.

‘चूक शोधा’ हा सराव मागताना जास्त सांभाळायला हवं. पहिली अडचण म्हणजे तो चुकीच्या ओळीशेजारी कॉमेंटमध्येच ‘इथे चूक आहे’ लिहून मोकळा होतो. ‘कोडमध्ये एकही कॉमेंट नको, उत्तर वेगळं दे’ असं सांगावंच लागतं. दुसरी अडचण खोल आहे. बबल सॉर्टमध्ये, म्हणजे शेजारच्या संख्यांची तुलना करत यादी क्रमाने लावणाऱ्या प्रोग्राममध्ये, चूक घाल म्हटलं की तो आतल्या लूपची मर्यादा ‘एन वजा एक वजा आय’ ऐवजी ‘एन वजा एक’ करतो (एन म्हणजे घटकांची संख्या, आय म्हणजे झालेल्या फेऱ्या). पण ही चूकच नाही! यादी बरोबरच लागते, फक्त पाच घटकांसाठी १० ऐवजी १६ तुलना होतात. मर्यादा ‘एन’ केली तरच ॲरेच्या, म्हणजे यादीच्या, बाहेरचा घटक वाचला जातो, आणि तेव्हाही काही वेळा आउटपुट बरोबर दिसतं. म्हणून असा प्रत्येक प्रोग्राम निदान तीन वेगवेगळ्या इनपुटवर चालवून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

आता राज्य मंडळाच्या शिक्षकांची खरी डोकेदुखी. लॅबमध्ये अजून टर्बो सी प्लस प्लस ३.० हा जुना कंपायलर असेल तर चॅटबॉटचा पहिला प्रोग्राम बहुधा कंपाइलच होणार नाही. तो आजचं सी प्लस प्लस लिहितो: ‘युझिंग नेमस्पेस’, ‘बूल’, ‘व्हेक्टर’. मुलांच्या वहीत मात्र ‘आयओस्ट्रीम डॉट एच’, ‘कॉनिओ डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ असतं. संभाषणाची सुरुवातच अशी करा: ‘टर्बो सी प्लस प्लस ३.० वर चालेल असाच कोड दे. नेमस्पेस, बूल, व्हेक्टर वापरू नकोस. इंट १६ बिटचा आहे असं धरून आउटपुट काढ.’ शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं आहे. फॅक्टोरियलच्या प्रोग्राममध्ये इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) वापरून ८ दिलं तर चॅटबॉट ४०३२० म्हणेल आणि लॅबचा स्क्रीन उणे २५२१६ दाखवेल, कारण १६ बिटमध्ये ३२७६७ च्या पुढे जागाच नाही. संभाषण लांबलं की तो ही सूचना विसरतो. म्हणून दर धड्याला नवं संभाषण उघडा आणि सूचना पुन्हा डकवा.

८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या प्रोग्रामवर तर विश्वास ठेवूच नका. प्रोग्रामचं तर्कशास्त्र बरं असतं, पण टी-स्टेट (प्रत्येक सूचनेला लागणारे घड्याळाचे ठोके) मोजताना आधीच्या ८०८० प्रोसेसरचे आकडे बेमालूम मिसळले जातात. एक डिले लूप घेऊ: सी मध्ये एफएफ (२५५) भरणारं एमव्हीआय, मग सी एकने कमी करणारं डीसीआर, मग शून्य झालं नसेल तर मागे उडी मारणारं जेएनझेड. ८०८५ मध्ये एमव्हीआय ७, डीसीआर ४, जेएनझेड उडी मारली तर १० आणि नाही मारली तर ७. लूप २५५ वेळा फिरतो, त्यातल्या २५४ वेळा उडी. बेरीज ७ अधिक १०२० अधिक २५४० अधिक ७, म्हणजे ३५७४ टी-स्टेट. २ मेगाहर्ट्झला हे १.७८७ मिलिसेकंद होतात. ८०८० मध्ये डीसीआरला ५ आणि जेएनझेडला नेहमी १० लागतात, म्हणून तिथे ३८३२ येतात. दोन्ही उत्तरं मांडणीसकट इतकी नीटनेटकी दिसतात की घाईत चुकीचं उत्तर मॉडेल आन्सरमध्ये जाऊन बसतं. टी-स्टेट पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यावरूनच मोजा. प्रोग्राम जीएनयूसिम८०८५ या मोफत सिम्युलेटरवर चालवा. हेक्स कोड मागितला असेल तर पत्त्याचा खालचा बाइट आधी आलाय का ते बघा: २०५० या पत्त्यावरून वाचणारं एलडीए म्हणजे ३ए, ५०, २०.

मराठीत समजावून सांगायला लावलं तर भाषा पुस्तकी होते आणि ॲरेची ‘सरणी’ होऊन बसते. वर्गात कोणी तसं बोलत नाही. ॲरे, लूप, पॉइंटर, स्टॅक असे वीसेक शब्द देऊन ‘हे जसेच्या तसे ठेव’ म्हणा, मजकूर लगेच वाचण्याजोगा होतो.

पेपर तपासण्यासाठी हे साधन आम्ही सुचवणार नाही. तेच उत्तर दोनदा दिलं तर गुण वेगळे येऊ शकतात, आणि अर्ध्या गुणासाठी मूल वर्षभर राबलेलं असतं. अभिप्रायाचा कच्चा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण गुणदान योजना सोबत द्या आणि गुण स्वतः द्या. मुलांची नावं आणि बैठक क्रमांक कधीच टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे बालक धरले आहेत, म्हणजे बारावीच्या वर्गातली बरीचशी मुलं. उत्तरावर ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी खूण करा आणि नावांची यादी आपल्या वहीत ठेवा.