लोझानच्या ऑलिंपिक संग्रहालयात गेलात तर १९५२ ची मशाल चुकवू नका

स्वित्झर्लंडला मुलांकडे आलेल्या आपल्या मंडळींना बर्फाचे डोंगर हमखास दाखवतात. माझा आग्रह आहे, एक दिवस लोझानसाठीही ठेवा. स्टेशनपासून मेट्रोनं उशी (Ouchy) या थांब्यावर उतरायचं आणि तळ्याकाठानं चालत ऑलिंपिक संग्रहालयात जायचं. सोमवार तेवढा टाळा.

आम्ही कराडकडची माणसं, पोरवय तालमीच्या लाल मातीत गेलेलं. त्यामुळे तिथल्या मशालींमध्ये मी आधी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची शोधली. वर चांदीची वाटी, खाली बर्चच्या लाकडाची मूठ. नक्षी नाही, दिमाख नाही. अशा मशाली अवघ्या २२ घडवल्या होत्या. धावणारे बदलत, गॅसची नळकांडी बदलत, मशाली त्याच पुढे जात. १९ जुलै १९५२ ला भर पावसात फिनलंडचा जुना नामवंत धावपटू पाव्हो नुर्मी अशीच मशाल घेऊन स्टेडियममध्ये आला. वय ५५, आणि धाव तीच! त्यानंतर चारच दिवसांनी, २३ जुलैला, त्याच शहरात आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथवर पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. हे सगळं मनात असताना त्या साध्या मशालीपुढून माझा पाय निघेना. बरोबरच्या नातवाला तिथंच उभं करून खाशाबांची गोष्ट सांगितली.

बाकीच्या मशालीही सावकाश बघण्यासारख्या आहेत. १९३६ ची पोलादी मशाल क्रुप कंपनीनं बनवलेली. ऑलिंपियाहून धावत ज्योत न्यायची प्रथा हिटलरच्या जर्मनीत सुरू झाली, आणि ती मशाल बघताना हे विसरता येत नाही, विसरूही नये. १९६४ ची टोकियोची मशाल शेवटी योशिनोरी साकाईच्या हातात होती. हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, त्याच प्रांतात जन्मलेला हा मुलगा. लंडन २०१२ च्या सोनेरी मशालीला ८,००० भोकं आहेत, ८,००० धावपटूंसाठी एकेक. कल्पना सुरेख, पण मला ती जरा सजवलेलीच वाटली. त्यापेक्षा टोकियो २०२० ची मनाला भिडली. वरून बघितली तर चेरीचं फूल, आणि तिच्यातलं सुमारे ३० टक्के ॲल्युमिनियम २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर उभारलेल्या तात्पुरत्या घरांचं. बेघर झालेल्यांच्या निवाऱ्याचा पत्रा मशालीत घालावा हे ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार.

लहान मुलं बरोबर असतील तर ती खेळांच्या पडद्यांकडे आणि बटणांकडे पळणारच. पळू द्या. पण मशालींसाठी तासभर राखून ठेवा आणि त्या आधी बघा, पाय दमायच्या आत. कुस्तीची आवड असलेलं कुणी घरात असेल तर त्यांना नक्की घेऊन जा.