रिले किट जरूर घ्या, पण त्यातली काळी वायर कापून टाका

हेडलाइटचं रिले किट लावून एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा गेला. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहू शकतो. किटमध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), जाड वायरी, फ्यूज आणि बल्बचे होल्डर येतात, त्यात फार शिरत नाही. मला मुख्यतः लिहायचंय ते त्यातल्या वीतभर काळ्या वायरीबद्दल. साडेआठशे रुपयांच्या वस्तूत बनवणाऱ्याने जिथे पाच-दहा रुपये वाचवलेत, नेमकी तिथेच ती वस्तू पावसात मार खाते.

गाडी २००९ ची, पेट्रोल हॅचबॅक. इंजिन ठणठणीत, पत्राही बऱ्यापैकी. राहायला रत्नागिरीत, म्हणजे खारी हवा बारा महिने. सासरवाडी कोल्हापूरची, त्यामुळे साखरपा, आंबा घाट, मलकापूर हा रस्ता पाठ. गेल्या दोन-तीन वर्षांत घाटात रात्री डिपरवर (म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या उजेडात) रस्त्याची कड दिसेनाशी झाली होती. उजेड पिवळा, त्यातही उजवा दिवा डाव्यापेक्षा मंद. अशात गाडीला १५ वर्षं पूर्ण झाली आणि पुन्हा पासिंग (आरटीओची तपासणी) करायची वेळ आली. एप्रिल २०२२ मध्ये खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली होती. एवढे पैसे भरून दिव्यांपायी गाडी नापास व्हायला नको म्हणून आधी दिवेच हाती घेतले.

सर्व्हिस सेंटरला नेली. अ‍ॅडव्हायझरने दिवे लावून लांबून पाहिलं आणि म्हणाला, "सर, दोन्ही हेडलॅम्प असेंब्ली बदलाव्या लागतील. वायरिंग चेक करायचं तर डॅशबोर्ड खोलावा लागेल, त्याचं लेबर वेगळं." एस्टिमेट अकरा हजारांच्या पुढे. मी विचारलं, बल्बपाशी व्होल्टेज किती येतंय ते मोजलंत का? "सर, ते आमच्या प्रोसेसमध्ये नाही." याचा मला अजून राग येतो. दोन मिनिटांचं काम आहे ते. न मोजता अकरा हजारांचा पार्ट बदलायला सांगणं ही गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे, मग एस्टिमेट कितीही चकचकीत कागदावर छापलेलं असो.

मधल्या काळात एका दुकानदाराच्या सांगण्यावरून एलईडी बल्ब लावून पाहिले. आठवड्याच्या आत काढले. एच-४ (अप्पर आणि डिपर एकाच हॅलोजन बल्बमध्ये) च्या दिव्याचा रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकं कुठे असणार हे धरून घडवलेला असतो. बल्बच्या काचेत नीट पाहिलं तर डिपरच्या फिलामेंटखाली एक बारीकशी धातूची वाटी दिसते. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड तीच अडवते. एलईडीत उजेड कुठून निघतो त्याची जागाच निराळी, त्यामुळे उजेड भरपूर पण झाडांवर आणि समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. आंबा घाटाच्या धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहिली. आणि १००/९० वॅटचे बल्ब कोणी सुचवले तर मुळीच ऐकू नका, जुने होल्डर त्या उष्णतेने वितळतात. बल्ब साधा ६०/५५ चाच ठेवा.

दुखणं सापडलं ते कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वायरमनकडे. सत्तरीच्या घरातला माणूस. त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाला, "साहेब, बल्बला कशाला बोल लावताय? त्याच्यापर्यंत पोचतंय किती ते बघूया की." त्याच्या हातात मीटर नव्हता, दोन वायरी जोडलेला साधा टेस्टिंग बल्ब होता. माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर होता, घरी मोजलं तेव्हा त्याने कपलरवर (बल्बला मागून लागणाऱ्या प्लगवर) १२ व्होल्टच्या वर दाखवलं होतं, ते मी त्याला सांगितलं. त्याने हेडलाइटचा बल्ब काढून कपलरला टेस्टिंग बल्ब लावला. तो जरा मंदच पेटला. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी भार नसताना मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार पडला की खरं काय ते कळतं. म्हणून मोजायचं ते दिवा पेटलेला असताना, कपलर न काढता, मागच्या बाजूने पिन घालून.

तसं मोजलं. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट, उजव्या बल्बपाशी ११.६. अडीच व्होल्ट वाटेत गायब. अडीचच तर, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो, साधारण ३.४ व्या घाताने. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड ३० टक्के जातो. माझ्या गाडीचा जवळजवळ निम्मा गेला होता. डिपरचे दोन बल्ब मिळून ११० वॅट, म्हणजे नऊएक अँपिअर. हा सगळा करंट बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या स्विचमधून, लांबलचक बारीक वायरीतून फिरून येतो. पंधरा वर्षांत त्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडलेले असतात. रिले लावला की स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट राहतो आणि बल्बला बॅटरीतून थेट जाड वायरीने पुरवठा होतो. किटचा उपयोग तो एवढाच, पण फार मोठा.

घेण्याआधी एक गोष्ट तपासा. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत अप्पर-डिपरचं स्विचिंग पॉझिटिव्हवर नसतं, निगेटिव्हवर असतं. तिथे साधं किट चालत नाही, त्यासाठी वेगळी जोडणी लागते. बसवताना रिले पिना खाली करून लावा म्हणजे पाणी साचत नाही. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

बसवल्यावर दोन्ही बल्बपाशी साडेतेरा व्होल्ट मिळाले. बल्ब तेच, काच तीच, आणि डिपरवर रस्त्याची पांढरी पट्टी लांबवर दिसायला लागली. पासिंगला दिव्यांबद्दल चकार शब्द निघाला नाही. एप्रिलमध्ये कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

जुलैमध्ये मत बदललं. कोल्हापूरहून परतताना घाटात पाऊस कोसळत होता आणि उजवा दिवा पुन्हा मंदावला. खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर उजळायचा, परत लालसर व्हायचा. घरी येऊन मोजलं तर पॉझिटिव्हला काही दोष नव्हता, लाल वायरीवर भरपूर व्होल्टेज. मग मीटरची एक पिन बल्बच्या अर्थच्या (करंट परत जातो त्या) टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दिवा चालू ठेवून. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. आलं १.४ व्होल्ट.

आता त्या काळ्या वायरीकडे येतो. किटमध्ये प्रत्येक होल्डरमागे एक काळी वायर, टोकाला थिंबल (स्क्रूखाली आवळायचं भोकाचं धातूचं टोक). वायर जेमतेम वीतभर. एवढ्या लांबीत ती पोचते कुठे? हेडलाइटच्या शेजारच्या पत्र्यावरच्या स्क्रूपर्यंत, बस. त्या पत्र्यावर रंग आहे, समोरच्या चाकाचं पाणी तिथेच उडतं, आणि माझ्याकडे वर समुद्राची हवा. थिंबल काढून हातात घेतलं तर ते तांब्याचं नव्हतंच, पत्र्याचं होतं. खालच्या अंगाला तांबूस गंजाची पापडी. वायर थिंबलमध्ये नुसती दाबलेली, डाग दिलेला (सोल्डर केलेलं) नाही. जिथे दाबली होती तिथे तारांवर हिरवट थर चढलेला, आणि बोटाने हलवली तर वायर थिंबलमध्ये फिरत होती.

जेवढा करंट लाल वायरीने बल्बमध्ये जातो, तेवढाच काळ्या वायरीने परत यावा लागतो. एक अँपिअरही कमी नाही. मग लाल वायर जाड, तिला फ्यूज, तिला जाळीचं वेष्टण, आणि काळीच्या नशिबी वीतभर वायर आणि पत्र्याचं थिंबल, हे कुठलं शहाणपण? किट बनवणाऱ्याला हे माहीत नाही असं मी मानत नाही. जाहिरातीच्या फोटोत लाल वायर आणि चकचकीत रिले दिसतात, काळी वायर कोणी पाहत नाही, म्हणून काटकसर तिथे. मी विक्रेत्याला फोटोसकट सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की पाण्याने आलेला दोष वॉरंटीत बसत नाही. हेडलाइट गाडीच्या तोंडावर असतो, त्याला पाणी लागणारच. पाण्यात टिकत नसेल तर ते कोकणात विकू नये. त्या दिवशी मी किटला पाचपैकी दोन दिले होते.

दुरुस्ती स्वस्तात झाली. दोन्ही काळ्या वायरी होल्डरपासून चार बोटं ठेवून कापल्या, २.५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर जोडली, डाग दिला, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेल्या. कलई केलेली तांब्याची थिंबलं, वर ग्रीसचा हात. सगळं मिळून दीडशेच्या आत. अर्थवरचा तोटा ०.१ वर आला. त्यानंतर अख्खा श्रावण-भाद्रपद गेला, गणपतीत कोल्हापूरला जाणं-येणं झालं, दिवा जराही हलला नाही. किटचे रिले आणि सिरॅमिकचे होल्डर खरंच उत्तम आहेत, तेही सांगायलाच हवं. आता पाचपैकी चार.

या एका वायरीमुळे मागच्या दिव्यांचंही कोडं सुटलं. ब्रेक दाबून डावा इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच्या तालावर लुकलुकायची. सर्व्हिस सेंटरने आधी त्यासाठीही असेंब्लीच सुचवली होती. मागच्या दिव्यातले सगळे बल्ब एकाच अर्थवर असतात. तो अर्थ बिघडला की करंट परतीची वाट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून शोधतो आणि भलताच दिवा पेटतो. डिकीतलं कार्पेट उचललं, अर्थचा नट सोडवला, पत्रा वॉटर पेपरने चकचकीत घासला, नट परत आवळला, वरून ग्रीस. खर्च शून्य. बल्ब बदलताना एक बघा, २१/५ वॅटच्या दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या खिट्ट्या वरखाली असतात. जोर करून उलटा बसवला तर ब्रेकलाइट आणि पार्किंगची अदलाबदल होते. डिकीच्या दारातला वरचा ब्रेकलाइट मधूनच बंद पडत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी एकेक करून ओढून पाहा. दार उघडमिट करून आतली तार तुटते, वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं. ओढली की ती वायर रबरासारखी ताणली जाते.

हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचांना पॉलिश मारून घेतलं, त्यानेही फरक पडला. पण पॉलिशमध्ये वरचा यूव्हीचा थर निघून जातो. वर नवा कोट मारला नाही तर वर्षभरात काच पुन्हा पिवळी. आधी वायरिंग, मग काच, याच क्रमाने जा.

किटचा एक तोटा राहतो. पूर्ण व्होल्टेज मिळालं की हॅलोजन बल्बचं आयुष्य घटतं. मला ते चालेल, कारण एच-४ चा बल्ब दीडशे-दोनशेला मिळतो. जोडीचा एक सुटा बल्ब डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय, काचेला हात न लावता बसवता यावा म्हणून कागदात गुंडाळून.

धाकट्या भावाच्या २०१० च्या गाडीला हेच किट मागवलंय. विक्रेत्याला या वेळी आधीच काळ्या वायरीची लांबी विचारली, तर "स्टँडर्ड आहे सर" एवढंच उत्तर आलं. म्हणून अडीच चौरसची काळी वायर चार मीटर आणि तांब्याची थिंबलं आधीच आणून ठेवलीत. किट आलं की पहिल्यांदा कटर चालेल.