दारू सोडवून देतात, खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी) मात्र हातात देतात: वरोऱ्याकडच्या एका नशामुक्ती केंद्राचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

केंद्राचं नाव टाकत नाही, उगाच भांडण नको, पण आमच्या भागातल्या लोकांना अंदाज येईलच. दादाला इथं ठेवलं होतं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, कास्तकार माणूस, कापूस-सोयाबीन, आणि संध्याकाळ झाली की देशीचा पव्वा. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी लागली, 2021 ला उठली, दादाची दोन्ही टाइमाला चालूच होती, बंदीत फक्त महाग पडायची.

आधी चांगलं सांगतो. भरती करताना डॉक्टरनं स्वतः विचारलं की शेवटची कधी घेतली, किती घेतली, याआधी बंद केली तेव्हा झटका आला होता का. हे विचारणं लय महत्त्वाचं हाये राजेहो, कारण रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या मधात काहींना भास होतात, भलतंच बडबडतात, अंगात ताप चढतो, त्यात माणूस जातो सुद्धा. घरी खोलीत कोंडून ठेवून दारू सोडवणारे लोक आमच्या गावात आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं. दादाचे हात एवढे थरथरत होते की चहा बशीत ओतताना अर्धा गादीवर गेला. त्याला झोपेच्या जातीतल्या गोळ्या दिल्या ज्या रोज कमी कमी करत नेतात, आणि बी-1 व्हिटॅमिनची इंजेक्शनं, कारण दारूड्याच्या अंगात ते उरतच नाही आणि त्याचा फटका डोक्याला बसतो. यात यांना पूर्ण मार्क. साखळदंड, मारझोड वगैरे काही दिसलं नाही, भिंतीवर नोंदणीचं सर्टिफिकेट लावलेलं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या सवयीमुळं होणारा आजार पण येतो, त्यामुळं कुठंही पेशंट टाकायच्या आधी तो नोंदणीचा कागद मागाच, न दाखवणाऱ्याच्या दारातूनच वापस या.

जेवण ठीक. वरण-भात-भाजी, वांगं जरा जास्तच, पण दादाला भूक लागत होती हेच आमच्यासाठी खूप होतं.

आता मुख्य गोष्ट. भेटीच्या दिवशी वहिनीसोबत गेलो तर मागच्या ओट्यावर तिथलाच एक पोरगा पन्नीत खर्रा घोटत बसलेला, सुपारी, तंबाखू, चुना, दोन्ही तळहातांनी घासूघासू, आणि बाजूला चार-पाच पेशंट पुडी मिळायची वाट पाहून उभे, त्यात आमचे दादा पहिले. खर्च महिन्याच्या बिलात वेगळा लावलेला! वहिनी म्हणे, "अवो भाऊजी, इथं सोडवाले आणलं का शिकवाले?" समुपदेशक सरांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही एकदम सोडवलं तर पेशंट पळून जाते भाऊ, आधी दारू तर सुटू द्या."

ऐकायला बरोबर वाटते, सगळेच असं म्हणतात. पण व्यसनाच्या उपचारात असलेल्या लोकांवरच्या 19 चाचण्या एकत्र करून 2004 ला अभ्यास आला होता, त्यात ज्यांना सोबतच सिगरेट सोडायला मदत केली त्यांची दारू किंवा ड्रग्ज पुढं बंद राहण्याची शक्यता 25 टक्क्यांनी जास्त निघाली. ते सिगरेटवाले होते, खर्रावाले नव्हते, मान्य, पण निकोटीन तर तेच ना बाप्पा.

आणि दुसरं यापेक्षा जास्त टोचलं. 2025 ला टाटा हॉस्पिटलच्या संशोधकांचा अभ्यास छापून आला, भारतातल्या पुरुषांच्या गालाच्या आतल्या कॅन्सरवर. दिवसाला साधारण 9 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे एखादा पेग, तेवढ्यानंही धोका जवळपास 50 टक्क्यांनी वाढतो. इंग्लिशपेक्षा देशी, मोहाची, गावठी यांचा धोका जास्त निघाला. आणि दारू व चघळायचा तंबाखू हे दोन्ही मिळून अशा कॅन्सरच्या 62 टक्के केसेसचा हिशोब लागतो म्हणतात. दारूनं तोंडाच्या आतलं अस्तर ढिलं पडते आणि तंबाखूतलं विष सोपं आत शिरते, असं त्याचं गणित सांगतात. आता दादाचा गाल वीस-पंचवीस वर्षं दोन्हीत भिजलेला, त्याची एक बाजू बंद करून दुसरी यांनीच बिलात टाकून चालू ठेवायची? एकदा पण कोणी बॅटरी घेऊन तोंड उघडून पाहिलं नाही. आम्हीच नंतर सरकारी दवाखान्यात दाखवलं, गालात पांढरा चट्टा निघाला, आता तपासणी चालू आहे.

क्लासमध्ये पण तंबाखूचं नाव नाही. एका पेशंटनं विचारलं, बाहेर गेल्यावर बीअर चालते का, तर सर हसून पुढं गेले. अरे सांगा ना सरळ, जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या जानेवारीतच सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. आणि याच माणसाला बीअर म्हणजे परत पव्व्यापर्यंतचा रस्ता.

तरी 3 स्टार देतो कारण पर्याय कुठं आहेत. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या 2019 च्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागं फक्त एकाला कसलातरी इलाज मिळाल्याचं निघालं होतं. त्यामुळं इथं बेड मिळायलाच थांबावं लागते.

जाणार असाल तर आधी 14446 वर फोन लावून जवळचं सरकारी मदतीवरचं केंद्र विचारून घ्या, तो नशामुक्तीचा टोल फ्री नंबर आहे. इथंच न्यायचं असेल तर खर्रा देणार नाही असं भरतीच्या फॉर्मवर लिहून घ्या, आम्ही दुसऱ्या महिन्यात तसं लिहून दिलं तर काउंटरवाल्यानं तोंड वाकडं केलं पण बिलातून ती रक्कम काढली. घोंगडी घरची न्या, यांची पातळ आहे.